जावईबापू आणि सुस्त सर्व्हर

शुद्धलेखनाला हसू नये. चौथीपर्यंतच शिकले, अक्षरही वाकडंच आहे. पण आमच्या जावईबापूंसारखा चौकस माणूस अख्ख्या संभाजीनगरात नसेल, आणि उगाच कुणावर आळ न घेणाराही नसेल. मी लेकीकडे पुंडलिकनगरात राहते, म्हणून रोज बघते. एकदा चहा पांचट झाला. दुसरा एखादा नवरा बायकोवर खेकसला असता. जावईबापूंनी आधी शेगडी बदलून चहा करायला लावला, मग पातेलं बदलून, मग दूध. “मामी, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.” शेवटी पत्ती सादळलेली निघाली, पण तोवर दूध संपलं होतं.

करमाडकडच्या एका कंपनीत, सगळी माहिती साठवणारा सर्व्हर सांभाळणं हे त्यांचं काम. त्यांच्या शब्दावर कंपनीनं नवा सर्व्हर घेतला, वेगळ्या जातीच्या प्रोसेसरचा. प्रोसेसर म्हणजे त्याचा मेंदू, असं लेकीनं सांगितलं. तर हा नवाच जुन्यापेक्षा सुस्त! साहेब म्हणाले, शनिवारपर्यंत कारण सांगा, नाहीतर सर्व्हर परत आणि तुम्हीपण घरी.

लेक म्हणाली, “प्रोसेसरच भिकार हाय म्हणा अन् मोकळे व्हा. तो काय भांडायला येणार हाय?”

“म्हणूनच तर. बघितल्याशिवाय नाव कसं घेऊ त्याचं?”

मग दोन्ही सर्व्हरना तेच काम, तेवढीच माहिती देऊन बघणं सुरू झालं. ताट समोर, नजर लॅपटॉपवर. भाजीत मीठ नव्हतं तेही त्यांना कळलं नाही, तेव्हा मात्र मी घाबरले.

शुक्रवारी सापडलं. नव्या सर्व्हरवर डेटाबेसचा प्रोग्रॅम जुन्या पद्धतीचा घातला होता. नव्या प्रोसेसरला येणाऱ्या युक्त्या तो वापरतच नव्हता. आणि घातला कुणी? जावईबापूंनीच.

लेक रडवेली झाली. “सापडलं एवढंच सांगा ना. तुमची चूक कशाला?”

“मग साहेब प्रोसेसरलाच धरून बसतील.”

शनिवारी सांगून आले. साहेबांनी लई झापलं म्हणे, पण सर्व्हर ठेवला आणि यांनाही ठेवलं. आपलं माणूस दवाखान्यातून बरं होऊन सुटावं, तशा चेहऱ्यानं घरी आले. “मामी, मशीन चांगलं हाय हो,” म्हणाले आणि भाकरी मागितली.

लेक देताना आम्ही पगार विचारला, शेती विचारली. घरात काही बिघडलं तर आधी कुणाकडे बोट दाखवतोस, हे विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं.