काजूतेलाचे दोन हात

गिटार माझ्या हातून मेली, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, हा माणूस दुसऱ्या कुणाच्या नावाने बोटं मोडायला बसलाय.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, तीसेक वर्षं मुंबईत लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. मी इथेच, पोलादपूरच्या वर डोंगरातल्या वाडीत, भात, नाचणी आणि चार म्हशी सांभाळत राहिलो. वहिनी गेली, मूलबाळ नव्हतं, राहती चाळ पाडायला काढली, तेव्हा दादाने गिटार माझ्या घरी आणून ठेवली. जाताना एवढंच बजावलं, की कोरडी ठेव, वरून कपडा मार, बाकी कुछ मत कर. पण माझ्या हातांना खाज. वस्तू घरात आली की तिचं काहीतरी भलं केल्याशिवाय मला चैन पडत नाही.

गिटार जुनी होती. दादाला ती एका म्हाताऱ्या वादकाने दिलेली, आणि त्याच्याकडेही ती कुणाकडून तरी आलेली. वरची फळी मधाच्या रंगाची, उभ्या बारीक रेघांची आणि जाडीला जेमतेम पुठ्ठ्याएवढी. पाठ आणि कडा शिसवी. भोकाभोवती शिंपल्याच्या तुकड्यांचं कडं होतं, त्यातले तीन तुकडे पडलेले. मानेवरच्या काळ्या पट्टीला पहिल्या तीन घरांत बोटांनी खळगे पडले होते. तारा पिळायची एक खुंटी तुटली होती, तिथे दादाने शिवणीच्या लाकडाची कोरून बसवली होती. आत कागद चिकटवलेला, पण त्यावरचं अक्षर लागत नव्हतं. दादा म्हणायचा, ओरखडे काय बघतोस, टिचकी मारून बघ. नख मारलं की आतून कुणीतरी हुंकार द्यायचं. घरात एकटा असलो की मी उगाच टिचकी मारायचो.

आमच्याकडचा पाऊस म्हणजे चार महिने भिंतींना घाम. चपलांवर बुरशी, भाकरीच्या पिठाला वास. परवाच्या साली भाद्रपदात गिटारीची पेटी उघडली तर अस्तराखालून वाळवीची मातीची नळी वर चढत होती. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आणि मग मी ते केलं, जे आमच्याकडचा कुठलाही शहाणा माणूस लाकडासाठी करतो.

घराच्या वाशांना आम्ही काजूच्या टरफलांचं तेल लावतो. मंडणगडाकडून डबा येतो. काळं, जाड, अंगावर पडलं तर कातडी सोलून काढणारं. पण एकदा लावलं की वीस वर्षं वाळवी फिरकत नाही. मी हाताला फडकं गुंडाळून गिटारीला तेलाचे दोन हात मारले. बाहेरून मारले आणि भोकातून ब्रश घालून आतूनही मारले, म्हणजे काम कसं पक्कं. मग ती सुकायला चुलीवर टांगली. बी-बियाणं, सुकं मासळीचं टोपलं, सगळं आम्ही तिथेच राखतो, मग गिटारीने काय घोडं मारलं होतं? बायको म्हणाली, 'अहो, भावजींना विचारा तरी.' मी तिच्यावरच खेकसलो, की लाकूड मला कळतं.

तारा तशाच ताणलेल्या होत्या. धगीने जोडांतला सरस, तो डिंक, मऊ झाला. आठवड्याने खाली काढली तर तारा जिला बांधतात ती पट्टी अर्धी उपटून वर आलेली, मान धनुकलीसारखी वाकलेली, आणि मधाच्या रंगाची फळी डांबरासारखी काळी, हाताला चिकट. टिचकी मारली. आतून कुणी हुंकार दिला नाही. ठक, बस. माझ्या दोन्ही हातांवर तेलाने फोड आले होते, त्यांचं मला काहीच वाटलं नाही.

मी कुणाला सांगितलं नाही. पेटी बंद केली आणि वर्षभर तिच्याकडे पाहिलं नाही. मग गेल्या पावसात दादाचा फोन आला. त्याला कॅन्सर होऊन उपचार चालू होते, हे आम्हाला माहीत होतं. आता डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि त्याला गणपतीला घरी यायचं होतं, राहायलाच. मी ये म्हणालो. मग त्याने विचारलं, 'गिटार कोरडी हाय ना?'

'हाय,' मी म्हणालो. 'एकदम कोरडी हाय.'

फोन ठेवला आणि ओट्यावर बसून रडलो. माणूस मरायला घरी येतोय आणि एकच गोष्ट विचारतोय, आणि तीच माझ्या हातून मेलेली! वाडीतले लोकही लागले म्हणायला, यंदा आरतीनंतर दादा वाजवणार.

दुसऱ्याच दिवशी गिटार घोंगडीत गुंडाळून एसटीने महाडला नेली. तिथे भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करणारा एक म्हातारा कारागीर आहे. त्याने ती उलटीपालटी केली, मानेवरून एक डोळा मिटून पाहिलं, भोकात टॉर्च मारला, मग बोट हुंगलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला भुईत गडप व्हावंसं वाटलं. मान सरळ होईल म्हणाला, पट्टी चिकटेल, शिंपलेही बसवता येतील. पण वरची फळी तेल पिऊन जड झाली आहे. घासायला जावं तर फळीच उरणार नाही. ती आता हलणार नाही, आणि फळी हलली नाही तर आवाज कुठून यायचा? मी त्याचे पाय धरले. खोटं नाही सांगत, दुकानात, गिऱ्हाइकांसमोर धरले. तो ओशाळला. निदान गिटारीसारखी दिसेल एवढं करून देतो म्हणाला.

चार दिवसांनी आणली. दिसत होती गिटारीसारखी. तार छेडली की भिजल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा आवाज यायचा.

वीर स्टेशनात रेल्वेतून दादा उतरला तो निम्मा झालेला. डोक्यावर केस नाहीत, पिशवी मनगटात अडकवलेली. रिक्षात मी बडबडत राहिलो, तो हूं हूं करत राहिला. घरी आल्यावर त्याने गिटारीचं नाव काढलं नाही. मीही नाही काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला राहवेना. पेटी त्याच्यापुढे ठेवली, उघडली आणि सगळं ओकून टाकलं. तेल, चूल, फोनवरची थाप, महाड, सगळं. म्हटलं, मार मला.

दादाने त्या काळ्या फळीकडे पाहिलं. हात लावला नाही. मग त्याने दोन्ही पंजे माझ्यापुढे धरले.

'बोटं गेली रे माझी,' तो म्हणाला. 'औषधांनी. काय धरलंय तेच कळत नाय. शर्टाचं बटण लागत नाय.'

मी पेटी मिटली.

'फोनवर तू कोरडी हाय म्हणालास, तवा घाबरलोच मी. मला वाटलेलं, नाय म्हणशील. लोक वाजव वाजव करणार, त्यांना काय दाखवू? हे पंजे? आता गिटारच मेली म्हणून सांग. तुझ्यामुळे मेली म्हणून सांग. सांगशील ना?'

मी सांगेन म्हणालो.

गणपतीत आरती झाली आणि लोक लागलेच मागे. मी उभा राहिलो आणि सांगितलं, काजूतेल लावून चुलीवर टांगली मी. वाडीतल्या म्हाताऱ्यांनी माझी अक्कल काढली, पोरी तोंड दाबून हसल्या, चुलत्याने तर माझा बापच काढला. सगळ्यांत मोठ्याने दादा ओरडत होता, गाढवाच्या हाती हिरा दिला म्हणून. मी त्याच्याशेजारी बसलो होतो, आणि त्याचा प्रसादाचा द्रोण माझ्या हातात होता.