भोकाचा पैसा

वॉशर हातात आला की मिस्त्री आधी खिशातून लहानशी कानस काढायचे. कडेवर एकदा घासायचे. कानस निसटली तर वॉशर कडक, तिने धरलं तर मऊ. "ह्ये मऊ हाय, शेठ," म्हणत तो माझ्याकडे परत सरकवायचे.

नव्वदच्या दशकात कनेरगाव नाक्यावर माझं नटबोल्टचं दुकान होतं. मिस्त्री रस्त्यापलीकडे हडंबे, म्हणजे सोयाबीन मळायची यंत्रं, दुरुस्त करायचे. दिवसातून दहा वेळा येऊन माझा माल नापास करून जायचे. मी वैतागायचो. तुम्हीही वैतागला असता.

"डोकं वाचा, शेठ," असं म्हणत त्यांनी मला बोल्टच्या डोक्यावरचा ८.८ वाचायला शिकवलं. पहिला आठ तुटायची ताकद सांगतो. दुसरा सांगतो की त्या ताकदीच्या दहातल्या आठ वाट्यांपर्यंत ओढ बसली तरी बोल्ट मूळ मापावर येतो. पुढे लांबला की लांबलाच. वॉशरवर मात्र बहुधा काहीच नसतं. त्याचा कडकपणा, दोनशे की तीनशे, पुडक्यावर छापलेला. पुडकं फुटलं की सगळे सारखेच दिसतात.

"वायसर मऊ असलं की दबते, मंग बोल्ट सैल व्हतो. आन् सैल झालेला बोल्ट सांगत न्हाई," ते म्हणायचे. हडंब्यात पाती लावलेला ड्रम फिरतो; तो चालू असताना त्याच्या तोंडासमोर ते स्वतः कधीच उभे राहत नसत.

एका हंगामात नाक्यामागच्या एका शेतकऱ्याने नवा हडंबा आणला. ड्रमवरच्या एका पात्याच्या बोल्टखाली वॉशरऐवजी त्याने आजीचा भोकाचा पैसा घातला होता, बरकत म्हणून. आमच्याकडे बरेच जण घालायचे. मिस्त्रींनी तो काढून त्याच्या हातात ठेवला.

"काहून काढला?"

"देव्हाऱ्यात ठेवा त्याला. तिथं भार न्हाई."

तासाभराने तो शेतकरी माझ्याकडे पाना मागायला आला. पैसा अजून हातातच होता, मला दिसला; तो परत बसवणार हे कळत होतं. दुकानात गर्दी होती. एवढ्याशा पैशाने काय होणार, असं वाटून मी पाना देऊन टाकला.

आठवड्याने तो हडंबा मागच्या रानात चालू होता. मिस्त्री माझ्याकडे चहा पीत होते. कप ओठाशीच थांबला. मला नुसती नेहमीची घरघर ऐकू येत होती.

"पातं हालून राहिलं," म्हणत ते कानस गल्ल्यावर टाकून पळाले. मी मागे. ड्रमच्या तोंडाशी एक बाई सोयाबीन लोटत होती. "सरक माय, सरक!" ओरडत त्यांनी तिला बाजूला ढकललं. तिच्या जागी आता ते उभे होते.

बाई वाचली. पातं मिस्त्रींच्या छातीत बसलं. वाशिमला नेताना जीपमध्येच ते गेले.

शेतकऱ्याने पुढे तो पैसा मला आणून दिला. घरात ठेववेना म्हणाला. पाना कुणी दिला, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. मीही नाही.

पैशात बोल्टच्या डोक्याचा ठसा खोल उतरलाय. कधीतरी त्याच्या कडेवर मी मिस्त्रींची कानस फिरवतो. ती लगेच धरते, तांबूस भुकटी तळहातावर पडते. दुकानाच्या दारातून समोरची त्यांची बंद जागा दिसते. इतकी जवळ आहे. पाना दिला त्या दिवशी मला फक्त एक हाक मारायची होती.