दुसऱ्या डोळ्याचा फोटो

डोळ्याला इजा झाल्यापासून मी देवीपुढं दिवा लावणं बंद केलं होतं. कन्नडला आमची पिठाची गिरणी आहे. यजमान गेल्यापासून मीच चालवते. गिरणीच्या झिजलेल्या दगडाला टाकी लावून खडबडीत करताना छिन्नीचा बारीक लोखंडी कण उडाला आणि डाव्या डोळ्यात शिरला. संभाजीनगरला ऑपरेशन करून तो काढला, पण डोळ्यापुढं राखेसारखं काहीतरी तरंगत राही. मी कुणाचं काय वाईट केलं होतं, हाच प्रश्न मनात घोळायचा.

पंधरा दिवसांनी डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढायला बोलावलं. जाऊबाई सोबत होत्या. सिस्टरनं डाव्या डोळ्यात थेंब टाकले आणि दोन्ही डोळे मिटून बाकड्यावर बसायला सांगितलं. थोड्या वेळानं माझ्या मनगटावर कुणाचा तरी हात आला. गार, ओला. कानाशी म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "चांगल्या डोळ्याचा बी फोटो काढायला लाव. तिथं अंधार शिरायलाय."

मी डोळे उघडले. "जाऊबाई, आत्ता बोलली ती म्हातारी कुठं गेली?"

"कोण म्हातारी? तुझ्या त्या बाजूला भिंत हाय."

खरंच भिंत होती. माझं मनगट मात्र ओलं होतं. पदरानं पुसलं, तरी गारवा जाईना.

आत गेल्यावर मी दोन्ही डोळ्यांचा फोटो काढायला सांगितलं. फोटो काढणारा म्हणाला, "मावशी, कागदावर डावाच लिहिलाय." मी हात जोडले, तेव्हा त्यानं उजव्यातही थेंब टाकले. अर्ध्या तासानं मशीनवर हनुवटी टेकवली. डोळ्यात लख्ख उजेड पडला. उजव्याचा फोटो संगणकावर आला. तो बघताच फोटो काढणारा उठला आणि डॉक्टरीणबाईंना घेऊन आला.

"डावा चांगला भरून येतोय," त्या म्हणाल्या, "पण उजव्या पडद्याला कडेला भोक पडलंय. आणखी उशीर झाला असता, तर पडदा सुटून नजर गेली असती."

त्या डोळ्यानं मला सगळं स्वच्छ दिसत होतं. दुखतही नव्हतं. माझा हात आपोआप त्या गार मनगटावर गेला.

लगेच लेझर करायचं ठरलं. आज दोन्ही डोळ्यांनी दिसतं. तो हात कुणाचा, याचा शोध मी घेतला नाही. मनोमन त्याला नमस्कार करते. लेझरला बसवताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "तुम्ही फक्त हलू नका. बाकीचं माझ्यावर सोडा." तेव्हा उमगलं, इतकी वर्षं मी देवीकडं मागणं मागितलं, तिला जाबही विचारला, पण बाकीचं तिच्यावर कधी सोडलंच नव्हतं. लेझरच्या त्या हिरव्या उजेडात मी पहिल्यांदाच देवीकडं काही मागितलं नाही.