वन्समोर कुणाचा?

संगीत नाटकात पद रंगलं की प्रेक्षकांतून 'वन्समोर'ची आरोळी येते आणि नटीनं तेच पद पुन्हा गायचं, ही रीत. मी उभा जन्म त्या आरोळीवर काढला. कोरसमधून नायिकेपर्यंत आले, ते सुद्धा नोकरी, घर, सासूबाईंचं दवापाणी सांभाळून. पदरात पडायचा तो एवढा वन्समोरच.

मग एकदा नाटकात माझ्या सखीचं काम करणारी बया मेकअप करता करता म्हणाली, "ताई, तुमचे मिस्टर आले की वन्समोर मिळतोच, नाही का?" आणि गोड हसली. अस्सं गोड, की माझी झोपच उडाली.

मी आठवून पाहिलं. लासूर स्टेशनच्या प्रयोगाला वन्समोर मिळाला, तिथं हे होते. कन्नडला हे नव्हते, तिथं नुसत्या टाळ्या. शिवाय बजाजनगरहून यांचे कंपनीतले दोस्त घोळक्यानं यायचे आणि मागच्या कोपऱ्यात बसायचे. लग्न झालं तेव्हा या माणसाला नाटकाचा काडीचा नाद नव्हता. मग आता एवढ्या हौसेनं येतात कशाला? बायको खूश राहावी म्हणून आरोळ्या ठोकायला? चहा देताना मी यांच्या तोंडाकडं बघत बसायचे.

"काय झालं?"

"काय नाय."

माझा गळा चांगला आहे की नुसता नवराच चांगला आहे, एवढं मला कळायला पाहिजे होतं.

रविवारी दुपारी शहरातच प्रयोग होता. मी ठरवूनच गेले. पदाचा शेवट वरच्या षड्जावर होता, तो मुद्दाम खाली सोडला. साफ बेसूर. ऑर्गनवाले काका दचकून बघायला लागले. टाळ्याही नीट पडल्या नाहीत. आणि त्या शांततेत एकच आवाज आला, "वन्समोर!"

यांचा. रोज घरात ऐकते तो आवाज मी ओळखणार नाय होय? टाळकंच सणकलं माझं. पद पुन्हा न गाता सरळ पुढचा संवाद सुरू केला.

परत येताना स्कूटरवर मागं बसूनच विचारलं, "तुम्हीच ओरडलात ना?"

"व्हय."

"आन् आजवरचे सगळे?"

"ते लोकांचे. मी कशाला ओरडू? आज पहिल्यांदाच ओरडलो." सिग्नलला गाडी थांबली तसे मान वळवून म्हणाले, "शेवटी सूर गेला तुझा. म्हटलं, परत गायला मिळालं तर नीट लागंल. लोकांनी तेवढंच ध्यानात ठेवून घरी जायला नको. पण तू गायलीच नायस."

मला मेलीला तेव्हा तरी गप्प बसता यायला हवं होतं.

"मुद्दामच बेसूर गायले मी. तुम्हाला पकडायला."

हिरवा दिवा लागला. मागच्यांनी हॉर्न बडवले तरी गाडी हलेना.

"लोकांसमोर?" एवढंच म्हणाले.

पुढच्या प्रयोगाच्या दिवशी यांनी ओव्हरटाइम घेतला. दोस्तही फिरकले नाहीत. माझं पद संपलं आणि वन्समोर आला, चारी बाजूंनी. अगदी खरा, शंकेला जागाच नाय असा. मी पुन्हा गायले, वरचा षड्ज चोख लागला, आणि सगळा वेळ माझा जीव कंपनीत मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसात अडकला होता.