बाबांचा अखंड आवाज

आज जुना प्लेअर सापडला आणि दवाखान्यातला फिनेलचा वास आठवला. ऑपरेशनला जाण्याआधी आईला दिवंगत बाबांचं मोर्चातलं गाणं ऐकायचं होतं. एमपीथ्री आवाज छाटतो, म्हणून मी हट्टानं काहीच न छाटणारी लॉसलेस फाइल भरली होती, तीही कमी जागेत मावावी म्हणून जास्तीत जास्त कॉम्प्रेस करून. प्लेअरच्या छोट्या प्रोसेसरला ती उलगडेना. बाबा शब्दाशब्दाला अडखळत होते.

औरंगपुऱ्यातून मैत्रीण ताहेरा लॅपटॉप घेऊन आली. "तुझ्या तत्त्वाचं ओझं त्या बिचाऱ्याला पेलंना, बाई." तिनं कॉम्प्रेशन कमी केलं. "छाटलं काहीच नाय. फक्त जागा जास्त लागंल."

बाबा सलग गायले. "श्वासबी ऐकू येतोय," आई म्हणाली आणि शांतपणे आत गेली.

ती सुखरूप परतली. बाबांच्या चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली मी आजही तत्त्वासाठी भांडते. पण ते कुणाला पेलणार, हे आधी बघते. ही ताहेराची देणगी.