दगड अडवायचा, वारा नाही

आमच्या भाऊजींना मोटरसायकलला काय होतंय ते आधी कळायचं, घरात कुणाला ताप आलाय ते मग. धाकटे दीर माझे. अंबरनाथच्या कारखान्यात सुपरवायझर, आणि राहायला आम्ही सगळे बदलापूरला, खरवईच्या अंगाला. गाडी जुनी, आवाजाने अख्खी आळी उठवणारी, आणि चढ लागला की तापून बंद पडणारी. एकदा घामाघूम होऊन ढकलत आणली तेव्हा सासूबाईंनी बजावलंच, "पुन्हा अशी आणलीस ना, तर भंगारात घालीन हो!"

भाऊजी खरंच भंगारात गेले, पण आणायला. उल्हासनगरला कॅम्प दोनमधून ऑइल कूलर घेऊन आले. वहीएवढा, पातळ पत्र्यांच्या घड्यांचा. तिथला सिंधी दुकानदार म्हणाला म्हणे, "साईं, लगा लो, गाडी बर्फ हो जाएगी!"

"हे काय हो नवीन?" मी विचारलं.

"वहिनी, तुम्ही चहा बशीत ओतून पिता ना? ही गाडीची बशी."

तापलेलं ऑइल एका नळीने यात येतं, वाऱ्यावर निवतं, दुसऱ्या नळीने परत इंजिनात जातं. बशी म्हटल्यावर मला लगेच कळलं बघा.

पण ती बशी मांडायची कुठे? खाली चाकामागे लावली, तर चाकाने उडवलेल्या खडीने पोचे आले. वर दिव्याखाली लावली, तर हँडल वळलं की नळी चिमटायची. शेवटी इंजिनासमोरच्या उभ्या दांड्यावर, बरोबर वाऱ्याच्या तोंडावर बसली. खडी लागू नये म्हणून पुढे डासांची बारीक जाळी लावली, ती पहिल्याच चिखलात लिंपून गेली. मग माझ्या दुधाच्या कपाटाची मोठ्या भोकांची जाळी कापली. मला न विचारता! मी कडाकडा भांडले. भाऊजी थंड.

"वहिनी, दगड अडवायचा, वारा नाही. तुमच्या कपाटात मांजर शिरलं का कधी? आणि दूध कोंदटलं का? मग!"



त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निरोप आला, माझी आई फार आजारी आहे. माहेर माळशेज घाटापलीकडे. यांची कारखान्यात पाळी. भाऊजी म्हणाले, "बसा मागे, वहिनी. आपली गाडी आता तापत नाही." सासूबाई दारातून ओरडल्या, "घाटात बंद पडली तर तिथेच सोडून ये रे, घरी आणू नकोस!"

अर्ध्या घाटात गाडीचा आवाज जडावला. करपट वास यायला लागला. भाऊजींनी कडेला घेतली आणि उतरून इंजिनाकडे बघत राहिले.   आई भेटते की नाही? मी पुढे जाऊन बघते, तर सासूबाईंनी दसऱ्याला हँडलला बांधलेला झेंडूचा जाडजूड हार वाऱ्याने मागे दबून कूलरवर चपखल बसलेला.

"भाऊजी, बशीवर झाकण!"

"दिसतंय हो. पण आईचा हार आहे."

पूजेचा हार सुकेपर्यंत सोडायचा नाही, हा सासूबाईंचा कायदा. गाडी जीव टाकत होती तरी त्यांचा हात पुढे होईना.

"तुमच्या आईचा हार आहे," मी म्हटलं, "पण पलीकडे माझी आई आहे."

मग मात्र त्यांनी हार अलगद सोडला, कपाळाला लावला आणि मागच्या कॅरियरला बांधला. गाडी निवेपर्यंत आम्ही चिवडा खाल्ला आणि उरलेला घाट एका दमात चढलो. आई मला बघून उठून बसली.

घरी परतल्यावर सासूबाईंची नजर पहिली हारावर. "मागे कुणी नेला हा?"

"आई, देव मागून ढकलत होता. म्हणून मला ढकलावी लागली नाही."

सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. भंगाराचं नाव घरात पुन्हा निघालं नाही.

भाऊजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. हॉलमध्ये फोटो आहे, गाडीला टेकून उभे. दसऱ्याला सून झेंडूचा भला मोठा हार घालते, तो नेमका त्यांच्या तोंडावरून येतो. ती आत गेली की मी उठते आणि हार थोडा खाली सरकवते. नाक मोकळं करून ठेवते त्यांचं.