मृत्युपत्राचे वयोवृद्ध साक्षीदार

आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. ‘हक्क आणि कर्तव्ये’ हा धडा मला झोपेतनं उठवून विचारला तरी येतो. त्यामुळे स्वतःचं मृत्युपत्र लिहायला वकील कशाला, असं मला वाटणं साहजिक होतं. बायकोला तसं वाटत नव्हतं. पण माझ्या हुशारीबद्दल तिचं मत कधीच फार चांगलं नव्हतं.

मृत्युपत्राचं डोक्यात आलं ते अक्कामुळं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. यजमान गेल्यावर ती मुरगूडहून आमच्याकडं शिवाजी पेठेत आली. मूलबाळ नाही. मागच्या खोलीत राहते, आणि इतक्या वर्षांत सगळं घर तीच हाकायला लागलीय. घर माझ्या नावावर, आम्ही दोघं गेल्यावर ते पुण्यातल्या मुलाकडं जाणार. आणि अक्का आहे आमच्यापेक्षा ठणठणीत. मला जिना चढताना दोनदा थांबावं लागतं, ती खांद्यावर पोतं असलं तरी न थांबता चढते. ती आमच्यामागं राहणार हे जवळपास ठरलेलंच. मग तिचं काय?

लगोलग स्टॅम्पपेपर आणला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, “माझ्या पश्चात अक्कांचा सर्वांनी प्रेमाने सांभाळ करावा.” लिहून झाल्यावर माझं मलाच भरून आलं. बायकोला वाचून दाखवलं.

“अहो, डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडतात म्हणे,” ती म्हणाली. “मिळालं तर मलापण एक झेरॉक्स द्या.”

आता राहिले दोन साक्षीदार. आमच्या पेठेत साखरपुडा असो, भावाभावांची वाटणी असो, नाहीतर पाण्याच्या पाइपवरनं झालेली समजूत असो, सही थोरल्या माणसाची. धाकट्याच्या सहीला वजन नाही. म्हणून मी पेठेतली सगळ्यात थोरली दोन माणसं निवडली. एक तालमीतले जुने वस्ताद, दुसरे समोरचे निवृत्त पोस्टमास्तर. दोघांनीही ऐंशी केव्हाच ओलांडलेली. नुसतं सहीला बोलवायचं बरं दिसत नाही म्हणून रविवारी मटणाचा बेत केला.

वस्ताद दारातच म्हणाले, “कुठं लागलंय भांडण?”

“भांडण नव्हे वस्ताद, मृत्युपत्र केलंय.”

“मग जेवाण आज कशाला? ते मेल्यावर असतंय की!”

मी त्यांच्यादेखत सही केली. वस्तादांचा हात थरथरत होता, म्हणून त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरून सही ठोकली. पोस्टमास्तरांनी भिंग मागितलं आणि सही नेमकी कागदावरच्या माझ्या नावावरच केली. दोघं पोटभर जेवले. एक काम मार्गी लागलं, असं समजून मी दुपारी गाढ झोपलो.

नुसतं एकदा नजरेखालनं घालावं म्हणून कागद एका वकीलबाईंकडं नेला. माझीच विद्यार्थिनी. तिनं कागद उलटसुलट केला.

“सर, साक्षीदारांचं वय काय?”

“मोठी माणसं आहेत. पेठेत मान आहे त्यांना.”

“मान आहे हो. पण साक्षीदार लागतो कधी? तुमच्यामागं कुणी वाद काढला तर. तेव्हा ‘सरांनी आमच्यासमोर सही केली’ असं सांगायला माणूस जागेवर पाहिजे की नको?”

ती पुढं म्हणाली, “तुमच्यापेक्षा धाकटे बघा, आणि ज्यांना यातनं काही मिळणार आहे ते नकोत. स्टॅम्पपेपर तर लागतच नाही, साधा कागद चालतो. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. आणि हे ‘प्रेमाने सांभाळ करावा’ काय आहे?”

“का? वाईट आहे?”

“छान आहे. पण ही झाली इच्छा. हक्क कुठाय?”

नागरिकशास्त्राच्या मास्तराला हे ऐकावं लागलं. मी म्हटलं, माझा मुलगा आत्याला कधी बाहेर काढणार नाही. “नाहीच काढणार,” ती म्हणाली, “पण उद्या त्यानं घर विकलं, तर घेणाऱ्याची ती आत्या लागत नाही.”

मग तिनं नीट लिहून दिलं. मागच्या खोलीत राहण्याचा, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर वापरण्याचा अक्काला हयातभर हक्क, आणि घर कुणाकडंही गेलं तरी तो कायम. सह्यांना या वेळी गल्लीतले डॉक्टर आणि दूध डेअरीवाला, दोघंही माझ्यापेक्षा बरेच धाकटे.

वस्तादांना सांगायची पाळी माझ्यावरच आली.

“म्हंजे मी तुझ्या आधी जाणार, असं त्या पोरीनं ठरवलं व्हय?”

“तसं नव्हे, वस्ताद...”

“उद्या सकाळी तालमीत ये. बघू कोण आधी जातंय.”

मी गेलो नाही.

संध्याकाळी अक्काला तेवढा मजकूर वाचून दाखवला. ती रडेल अशा तयारीनं मी पाण्याचा तांब्यापण जवळ ठेवला होता. ती म्हणाली, “परत वाच.” मी परत वाचलं.

“हयातभर म्हंजे?”

“तू असेपर्यंत.”

“आन् कोण म्हटलं, जा म्हणून?”

“तर सांगायचं, माझा हक्क आहे.”

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, “असं असंल तर खिडकीला जाळी बसवून दे. डास लई येत्यात.”

“अगं, मग आजपर्यंत बोलली का नाहीस?”

“दुसऱ्याच्या घरात कशाला सांगत बसायचं?”

बायको भाजी चिरायची थांबली. इतकी वर्षं आमचं सगळं घर जिनं हाकलं, ती डास मारत गप्प झोपत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

दुसऱ्याच दिवशी जाळीवाल्याला बोलावलं. खिडकीचं माप कसं घ्यायचं, चौकट कुठली बरी, हे मी त्याला समजावून सांगायला लागलो. अक्कानं माझ्या हातातली टेप काढून घेतली आणि मला दाराकडं ढकललं.

“तू हो बाहेर. माझी खोली हाय, माझं मी बघतो.”